एका चादरीचं गाव

"तुमच्याकडं रातीला चादर लागती का वो?"

गिऱ्हाईक बाहेरगावचं आहे असं कळलं, की समोरच्या दुकानातले मालक हा प्रश्न हमखास विचारत. दुकान चादरींचं, त्यामुळे गिऱ्हाइकाला वाटे, ही माल गळ्यात मारायची युक्ती. शहाणी माणसं आधीच 'नाही लागत' म्हणून मोकळी होत. मालक हिरमुसत. त्यांना चादर विकायची नसे, त्यांना गाव हवं असे.

नव्या पेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे. उन्हाळ्यात दुपारी पातेल्याला हात लावला तरी चटका बसतो. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी आणि ते, मानेवर ओला पंचा टाकून समोरासमोर बसलेलो. एकमेकांना आम्ही मालकच म्हणायचो. सोलापुरात सगळेच मालक, मग दुकान भाड्याचं का असेना.

गावं तोलायचं त्यांचं माप एकच. "पंखा बंद, खिडकी उघडी, अंगावर एक चादर. अशी झोप लागली म्हंजे गाव चांगलं. दोन लागल्या तर थंड. एकबी नको वाटली तर आपलं सोलापूर." मग मोबाईल उघडून हवामान वाचून दाखवत. "आज नाशिक बघा की वो मालक. मानसं राहत्यात तितं. आपन हितं भाजून घेतोय."

हा नाद उगाच नव्हता. वहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, हृदय अधू झालं होतं. उन्हाळ्यात रात्रभर डोळ्याला डोळा नाही. संध्याकाळी गच्चीवर बादल्या ओतायच्या, तरी फरशी मध्यरात्रीपर्यंत वाफा टाकायची. डॉक्टर म्हणाले, यांना जरा बऱ्या हवेच्या गावी ठेवा. तेव्हापासून मालक गाव शोधत होते. वहिनी कधी डबा घेऊन दुकानात यायच्या आणि झाकण उघडता उघडता बसल्या जागी पेंगायच्या.

पण मालकांना गाव पसंत पडेल तर शपथ. पुणे? "आता तितंबी कूलर घ्यायलेत." नाशिक? "पौषात दोन चादरी." कोल्हापूर? "पावसात चादर वाळतच न्हाय." महाबळेश्वरचं नाव काढलं तर म्हणाले, "तितं चादर कसली, गादीच अंगावर घ्या लागती."

"मालक," मी म्हटलं, "एवढी स्थळं नाकारली असती तर पोरगी घरात राहिली असती."

ते हसले. पण हसणं लगेच विझलं.

एकदा बंगळूरचं कुटुंब चादरी घ्यायला आलं. मालकांनी माल दाखवला, घड्या घातल्या, पिशवी दिली. प्रश्न विचारला नाही. मला आश्चर्य वाटलं. जगातल्या सगळ्या गावांची चौकशी करणारा माणूस, आणि बंगळूरबद्दल अक्षर नाही! मी विचारलं तेव्हा म्हणाले, "लेक दिलीय की तितं."

तेवढ्यावर सगळं कळलं. हवा हवी तशी त्याच गावी होती आणि तिथं लेकीचं घर होतं. यांच्या वडिलांनी लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. आणि हे जाऊन जावयाच्या घरात अंथरूण टाकणार? घरात तेलुगू, दुकानात मराठी, पण हा हट्ट दोन्ही भाषांत सारखाच.

मी चिडलो. "इकडं वहिनी झिजायला लागल्यात आणि तुम्ही मानपान धरून बसलाय?"

पंच्यानं त्यांनी काउंटरची काच पुसली. "बघू की. बेळगाव राहिलंय अजून."

मग मीही बोलायचं सोडलं. उन्हात भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं.

पुढच्या वैशाखात वहिनी गच्चीवर पाणी ओतता ओतता कोसळल्या. लेक आली आणि दवाखान्यातून थेट बंगळूरला घेऊन गेली. मालकांना तिनं विचारलंच नाही. ते पोचवायला गेले आणि लगेच परतले, एकटे. पण पेठभर सांगत सुटले, "लागती वो! एकच! पंखा बंद करून झोपती म्हनं."

"आणि तुम्ही?"

"मी हाय की हितं. दुकान कुनी बघायचं?"

रोज शटर ओढायच्या आधी त्यांचा तिकडं फोन व्हायचा. तेलुगूतलं मला 'दुप्पटी' एवढंच कळायचं, म्हणजे चादर. फोन ठेवला की रस्त्यापलीकडून ओरडत, "झोपली काल! चांगली झोपली!" त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान असायचं, की मला त्यांचा राग धरता यायचा नाही. खानावळीचा डबा मात्र निम्मा परत जायचा. दुपारी आता तेच पेंगू लागले. विचारलं तर, "वय झालं की," म्हणत.

यंदा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एका सकाळी त्यांचं शटर उघडलं नाही. गच्चीवर, ओल्या फरशीवरच्या चटईवर ते गेले होते. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हणतो उन्हाळा.

दिवसकार्य झाल्यावर वहिनी लेकीबरोबर दुकान आवरायला आल्या. लेक टेम्पो बघायला गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन पलीकडे गेलो आणि बोलायला काहीतरी हवं म्हणून म्हटलं, "तिकडची हवा मानवली ना वहिनी? मालक रोज सांगायचे, झोप चांगली लागते म्हणून."

त्यांनी तांब्या मालकांच्या गादीशेजारी ठेवला.

"मीच सांगायची वो दादा तसं. त्यांना बरं वाटावं म्हनून. हवा चांगलीच हाय तितली. पन मानूस हितं उन्हात, आन् मला तितं झोप कशी लागंल?"

मान खाली घालून मी माझ्या दुकानात येऊन बसलो. मालकांना शंभर गोष्टी सुनावल्या होत्या मी, ही एक ऐकायला ते नव्हते.

थोड्या वेळानं समोर पाहिलं. लाइट गेली होती, पंखा बंद होता. वैशाखातली भर दुपार. मालकांच्या गादीवर वहिनी आडव्या झाल्या होत्या, अंगावर गठ्ठ्यातली एक चादर ओढून. गाढ झोपल्या होत्या.

एक रिक्षा हॉर्न वाजवत पेठेत शिरली. मी उठून रस्त्यात गेलो आणि ओठांवर बोट ठेवून तिला हात करून थांबवलं.