दहाला मी, बाराला अक्का

बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी मी मिलमध्ये परत कामावर गेले. माझं माहेर पार बुलढाण्याकडे. मावशीने जमवलेल्या लग्नाने सोलापुरात आलेली. चौथीतून शाळा सुटलेली, त्यामुळे सुताचं काम मिळालं हेच मोठं वाटायचं. काम गेलं तर काय, ही भीती मात्र दिवसभर असायची. भवानी पेठेत एक खोली, नवरा मागावर विणायला, घरात तिसरं माणूस नाही. म्हणून पोराला बरोबर न्यायचं आणि मिलच्या पाळणाघरात ठेवायचं.

पाजायला दहा वाजता पंधरा मिनिटं सोडायचे. त्यात जाणं-येणं धरायचं. उशीर झाला की जॉबर, म्हणजे आमच्यावरचा मुकादम, खात्याच्या दारातूनच घरी परत पाठवायचा. मी धावत जायची, पोराला पदराखाली घ्यायची आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसायची. पोरगं दोनचार घोट ओढायचं, सोडायचं, पुन्हा ओढायचं. महिनाभरात माझी छाती दुधाने दाटायची थांबली. चोळी कोरडी राहायला लागली. नवरा म्हणाला, "दूध आटलंय तर मैंदर्गीला ठेवू त्याला ताईकडं. शेळी हाय तिच्याकडं. येत्या रविवारी बलवतो तिला." मी बरं म्हणाले. रडू आलं नाही. त्या दिवसांत मला काहीच येत नव्हतं, भूकसुद्धा लागत नव्हती.

पाळणाघरात सगळी लेकरं डागी, विकता न येणाऱ्या चादरींच्या तुकड्यांत गुंडाळलेली असायची. मिलमधून तेच मिळायचे, सगळे एकाच नक्षीचे. कापसाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून आया तोंडावरही कापड टाकायची. आणि पाजताना लेकराच्या तोंडाकडे बघायचं नाही, आईचीच दृष्ट आधी लागते, असं माहेरी मला बजावलेलं. मी ते पाळायची. तेवढंच माहेरचं माझ्याजवळ होतं.

त्या बुधवारी मी नेहमीच्या कोपऱ्यातलं गाठोडं उचललं, पदराखाली घेतलं. पोरगं असं ओढायला लागलं की पायाच्या बोटांपर्यंत कळ गेली. मला वाटलं, सुधारलं. भिंतीकडे बघत मी मनात हात जोडले. दोन्ही बाजू पाजल्या. घंटा झाली तेव्हा पदर काढला, तर लेकराच्या कानात काळा दोरा. मुलगी होती. माझा मुलगा पलीकडच्या फळीवर, रडून रडून झोपलेला.

आया कपाळाला हात लावून म्हणाली, "आगं, आपलं लेकरू वळखू येईना व्हय तुला? उद्या नवरा बी दुसरीचा घिऊन जाशील की!"

दारातल्या दोघी हसल्या. मी ती मुलगी हातात धरून तशीच उभी. आणि तिची आई आत आली. चादरींच्या घड्या घालायच्या खात्यातली, माझ्याहून मोठी, घरी तेलुगू बोलणारी. सगळ्या तिला अक्काच म्हणायच्या. तिला बाराला सोडायचे, पण त्या दिवशी खात्यातला माल संपला म्हणून लवकर सोडलेलं.

"अक्का, चुकलं माझं," मी म्हणाले. "माझा समजून पाजलं हिला."

अक्कांनी लेकीच्या पोटावर हात फिरवला. "पोट तर टम्म झालंय की. आता माझ्या दुधाचं काय करू? नळाखाली सोडू?" मग फळीवरून माझ्या मुलाला उचललं. "जा तू. तुझा जॉबर लई वंगाळ हाय. ह्याला मी बघते."

मी गेले. मागे वळून पाहिलं नाही. सूत तुटत होतं, मी जोडत होते.

संध्याकाळी दारात अक्कांनी गाठलं. "तुला दहाला सोडत्यात, मला बाराला. दहाला तू दोघास्नी पाज, बाराला मी. दोनदा पोटात जातंय की लेकरांच्या."

"तुमच्या घरी कळलं तर?"

"लेकरं सांगणार हायत व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून तसंच केलं. अक्कांची लेक दांडगी. ती माझ्या अंगावर अशी तुटून पडायची की दोन दिवसांतच खात्यात उभ्याउभ्या माझी चोळी भिजायला लागली. मागून उरलेलं माझ्या मुलाला मिळायचं, आणि तो आता सोडत नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. मी फक्त चोळीला आतून फडकं लावायला शिकले.

रविवारी वन्सं आल्या. पोराचे कपडे न्यायला पिशवी आणलेली. मांडीवर घेतलं, तर त्याने मान फिरवून माझ्याकडे झेप घेतली. मी पदराखाली घेतलं. घोट घशाखाली उतरत होते, त्याचा आवाज त्यांना ऐकू गेला.

"ह्ये तर लई पितंय की रं," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "मग मला कशाला बलवलंस? शेळीचं दूध ह्याला पुरावं म्हनून दोन करडं इकून टाकली मी!"

नवरा माझ्याकडे वळला. "आटलं न्हवतं व्हय?"

"आटलं होतं," मी म्हणाले. "परत आलं."

अक्कांचं मी सांगितलं नाही. वन्सं जेवल्या आणि चारच्या गाडीने रिकामी पिशवी घेऊन परत गेल्या. मी भांडी घासली आणि दोन फडकी धुऊन दोरीवर टाकली. सकाळपर्यंत वाळायला हवी होती.