देवी सोडून
शेजारी देवीपुढं मंगळवारचा ऊद जळाला की मला कॉलेजातली ती पत्र्याची खोली आठवते. तरुण मुलांना स्वतःपासूनच तुटल्यासारखं वाटतं का, हे तपासणारी एक परदेशी प्रश्नावली मी मराठीत आणली होती आणि तिथं मुलामुलींकडून भरून घेत होते. 'आपलं शरीर दुसरंच कुणी चालवतंय असं वाटतं का?' याला शिरोळच्या एका मुलीनं 'पुष्कळदा' म्हटलं. माझे मार्गदर्शक सर लगेच म्हणाले, "हिला रुग्णांत धरा." ती ताडकन उठली. "माझ्या अंगात देवी येती, सर. तवा घरदार पाया पडतंय. त्यो काय आजार हाय व्हय? पण वर्गात बसल्या बसल्या माझंच हात मला परक्याचं वाटत्यात, तवा कुणी बघत बी न्हाय. त्ये विचारा की!" "मूळ प्रश्नाला हात लावायचा नाही," सर मला म्हणाले. मी त्यांच्यादेखत पेन काढलं आणि प्रश्नाआधी लिहिलं, 'देवी अंगात येते ती वेळ सोडून'. "मग प्रबंधावर माझी सही मिळणार नाही." नाही मिळाली. दुसऱ्या गाईडकडं पहिल्यापासून सुरुवात केली. आता ती प्रश्नावली सरकारी दवाखान्यांत वापरतात; परवा तिथल्या एका नव्या साहेबांनीही ते शब्द काढायला सांगितले. मी ताडकन उठले आणि म्हणाले, "न्हाय काढत. काय करायचं त्ये करा की!"