मोजक्यांतली एक

उरण भागातल्या पोलीस ठाण्यात असताना हाताळलेला एक गुन्हा अजून माझ्या मनातून गेलेला नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एक पिवळी गाडी होती आणि तिच्यावर जीव लावलेला एक माणूस होता. त्याचं किंवा इतर कुणाचंही नाव मी इथे देणार नाही.

सकाळची हजेरी संपली होती. आदल्या रात्रीच्या नोंदी मी तपासत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, बाहेर एक शेठ बसलेत. तक्रार द्यायचीय म्हणतात, पण बोलतच नाहीत."

मी त्यांना आत बोलावलं. वय पन्नाशीच्या पुढे. घराणं मिठागरावरचं. तरुणपणी ते स्वतः बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर चालवायचे, आता त्यांचे स्वतःचे ट्रेलर होते. फसवणुकीची तक्रार घेऊन येणारी माणसं सहसा तावातावाने बोलतात, टेबलावर कागद आपटतात. हे मात्र घरातलं कुणी गेल्यासारखे गप्प होते.

"बोला शेठ."

"साहेब, माझी गाडी खोटी हाय म्हनतान."

गाडी म्हणजे परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार. कंपनीने जगभरासाठी मोजक्याच बनवलेल्या. प्रत्येक गाडीत तिचा क्रमांक कोरलेली धातूची पट्टी असते. शेठनी ती नवी मुंबईतल्या एका दलालामार्फत घेतली होती. आठ-नऊ महिने सगळं छान चाललं. मग अशा गाड्यांच्या मालकांच्या एका मेळाव्याला ते मुंबईला गेले. तिथल्या एका माणसाने पट्टीवरचा क्रमांक वाचला आणि तो हसला. त्या क्रमांकाची गाडी दुसऱ्या राज्यात जळून भंगारात गेली होती, आणि ती जळताना त्याने स्वतः पाहिली होती.

रक्कम ऐकून मी न राहवून विचारलं, "एवढी किंमत एका गाडीला? दोनच माणसं बसतात त्यात."

शेठनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "साहेब, मी ट्रेलर चालवायचो तवा बंदराच्या गेटासमोर लाइनीत उभा होतो. उघड्या गाडीवर बांधून अशीच एक बाहेर चालली होती. पिवली. माझे बाजूनं गेली. त्या दिसापासून मना दुसरी गाडी दिसलीच न्हाय. जगात मोजक्या हायत, आनि त्यातली एक माझे दारात. याची किंमत मी काय सांगू?"

गुन्हा दाखल केला. आरटीओचा अहवाल आला. कागदपत्रं त्या जळालेल्या गाडीचीच होती आणि इंजिन भलत्याच एका गाडीचं. शेठनी खरी गाडी आतून कधी पाहिलीच नव्हती, त्यामुळे त्यांना संशय येण्याचं कारण नव्हतं.

दलाल पसार झाला होता. काही दिवसांनी आमच्या एका खबऱ्याचा फोन आला. तो माणगावला महामार्गावर हॉटेल चालवायचा. "साहेब, तुमचा पाव्हना हितं लॉजवर हाय. सकाळपासून दोनदा मिसळ खाऊन गेला." आमचं पथक गेलं आणि त्याला घेऊन आलं.

चौकशीत तो घाबरला नाही. "साहेब, मी फक्त मिडलमॅन. गाडी बाहेरून आली, पोर्टमधून सुटली, पेपर क्लिअर आहेत." जहाज कुठलं, कंटेनर कसा उघडला, सगळं न विचारता सांगितलं. माझा अनुभव असा की खरं बोलणारा विचारलं तेवढंच सांगतो, बऱ्याचदा अडखळतो. हा अडखळतच नव्हता.

"गाडी तुझ्या ताब्यात कुणी दिली?" मी विचारलं.

तेव्हा मात्र तो पाणी प्यायला. त्यापुढे दोन दिवस कोठडीत त्याने तोंड उघडलं नाही.

गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात आणून ठेवली होती. दुपारच्या उन्हात पंचांसमोर तिची मागची डिकी उघडली आणि आतून एक उग्र वास आला. तो वास माझ्या ओळखीचा होता. आमची गस्तीची बोट दुरुस्तीला जायची, त्या खाडीकाठच्या शेडमध्ये हाच वास भरलेला असायचा. फायबरची बोट बनवताना जे रसायन ओततात, त्याचा. मी आतला गालिचा उचलायला सांगितला. खाली बोटीला देतात तसला निळा रंग होता.

खाडीकाठी बोटी बनवणाऱ्या शेड हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दुसऱ्याच शेडमध्ये एक माणूस आमची जीप बघून हातातलं काम ठेवून उभा राहिला. मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "गाडी कुठं हाय साहेब? बरी हाय ना?"

ठाण्यात आणल्यावर त्याने सगळं सरळ सांगितलं. तरुणपणी तो बंदरात माल उतरवायच्या कामाला होता. एकदा तपासणीसाठी कंटेनर उघडला, तर आत पिवळी गाडी. "मना हात लावू दिला न्हाय," तो म्हणाला. "लांबूनच बगितली. मंग फायबरचा काम शिकलो तवा वाटला, आपुनच बनवू." बोटींचं काम संपलं की तो गाडीवर बसायचा. अशी कित्येक वर्षं गेली. सांगाडा, इंजिन, काचा, जिथे मिळेल तिथून त्याने गोळा केलं. गाडी पुरी झाली, पण रस्त्यावर काढायची परवानगी तिला कोण देणार? ती शेडमध्येच उभी राहिली. मग दलाल आला. शूटिंगवाल्यांना नुसती दाखवायला हवी आहे, म्हणाला.

"आणि तू दिलीस?"

"दिली. कोनतरी बगल तरी तिला."

दलालाला त्याच्यासमोर बसवलं, तेव्हा त्याचा आव गळून पडला. जळालेल्या गाडीची कागदपत्रं मिळवणं, पट्टी कोरून घेणं, सगळं त्याने कबूल केलं.

पुढचा प्रसंग मी विसरू शकत नाही. शेठना जबाबासाठी बोलावलं होतं. ज्याने गाडी बनवली तो बाकावर बसलाय हे कळताच ते तरातरा त्याच्याकडे गेले आणि त्यांनी हात उगारला. हवालदार मध्ये पडायला धावला.

तो माणूस जागचा हलला नाही. खालच्या आवाजात त्याने विचारलं, "पावसान डावे दरवाज्यातशी पानी येता का?"

शेठचा हात तसाच राहिला. मग हळूहळू खाली आला. "न्हाय. एक थेंब न्हाय."

"मना तीच भीती होती."

शेठ बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. त्यांनी विचारलं, "खरी कवा बगितली तू?"

"बंदरान. कामाला होतो तवा."

"पिवली?"

"पिवलीच."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. कदाचित ती एकच गाडी असेल. एकाने ती कंटेनरमध्ये पाहिली आणि दुसऱ्याने गेटाबाहेर. खात्री करायला काही साधन नव्हतं, आणि माझ्या तपासाला त्याची गरजही नव्हती. तरी मी त्यांना उठवलं नाही. गाडी वळणावर कशी बसते, आरसे कुठल्या कोनात ठेवायचे, असं काहीबाही दोघं बोलत होते. वातावरण हलकं करायला हवालदार म्हणाला, "शेठ, खऱ्या तरी मोजक्या आहेत. ही तर जगात एकच."

शेठ हसले नाहीत. "ते मना ठावं हाय," म्हणाले. "पन मना ती पायजे होती."

दलालावर दोषारोपपत्र गेलं. गाडी बनवणारा साक्षीदार झाला. दलालाकडून बरीचशी रक्कम हस्तगत झाली आणि न्यायालयाच्या परवानगीने ती शेठना परत मिळाली. गाडीही त्यांनी सुपुर्तनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, मागून घेतली. रस्त्यावर काढायची नाही, या अटीवर. माझ्या दृष्टीने तपास यशस्वी होता. वरिष्ठांनी पाठ थोपटली. त्यानंतर थोड्याच काळात मी निवृत्त झालो.

मागच्या वर्षी उरणला एका लग्नाला गेलो होतो. शेठ मांडवात भेटले आणि आग्रह करून घरी घेऊन गेले. वहिनींनी चहा ठेवला. मी विचारलं, "मग, खरी घेतलीत की नाही?"

"गेलो होतो बगायला," शेठ म्हणाले. "मुंबईला एकाकडं इकायला होती. अगदी तीच, पिवली. त्यानं मना आत बसवला. इंजिन चालू केला."

"मग?"

"खरीच होती. सगला खरा. पन मी बसलो आनि मना सारखा वाटत होता, आता कोनतरी येल, पट्टी वाचल आनि हसल. मी उतरलो."

वहिनी चहा घेऊन आल्या. "आदी दर रविवारी सकालीच किनाऱ्याला जायचो आमी दोगं," त्या म्हणाल्या. "मना त्यात बसायला जमायचा न्हाय, हे हात धरून बसवायचे. किती हसायचे. आता दारातले गाडीत पन बसत न्हाईत."

शेठ कपाकडे बघत होते. "साहेब, एक बोलू? त्या मेलाव्याला मी गेलोच नसतो तर बरा झाला असता."

सगळी नोकरी मी खरं काय ते शोधण्यात घालवली. ते सापडलं की माणसाला समाधान मिळतं, असं धरून चाललो. अशा गाड्यांची किंमत योग्य की अवाजवी, हे मला आजही सांगता येणार नाही. एवढं मात्र दिसतं, की त्या आठ-नऊ महिन्यांत शेठना दिलेल्या किमतीचं पुरेपूर मिळालं होतं, तेही खोट्या गाडीत. आणि ते कुठल्याही मुद्देमालात जमा करून परत देता येत नव्हतं. आमच्याकडे येणारा फिर्यादी गुन्हेगार मागतो, माल मागतो. मनातून त्याला बहुधा हवा असतो तो फसवणूक कळण्याच्या आधीचा दिवस.

निघालो तेव्हा शेठ मला सोडायला अंगणात आले. गाडी शेवग्याच्या झाडाखाली उभी होती, अंगावर जाड कापड. खाडीवरून वारा सुटला होता आणि कापडाची एक बाजू उडून पिवळा पत्रा दिसत होता. पत्रा कसला, फायबरच. शेठनी जवळ जाऊन कापड खाली ओढलं, टोकाला वीट ठेवली, आणि क्षणभर तिथेच हात टेकून उभे राहिले.

मी फाटकाकडे वळलो. मागे बघितलं नाही.