सातव्या खुणेचा ठोका

धाकूने तीस वर्षं खाणीत जांभ्या दगडाचे चिरे काढले. मशीन आलं, काम गेलं, पण हाताची सवय गेली नाही. मातीत फुकट गेलेला घाव त्याला अजूनही सहन होत नसे.

गेल्या श्रावणात वाडीच्या वरच्या उताराला तडा गेला. आता एप्रिलात स्वानंदी नावाची भूशास्त्रज्ञ मुलगी माणसं आणि लॅपटॉप घेऊन रत्नागिरीहून आली होती. जांभ्याखालची जमीन घट्ट निघाली तर भिंत बांधून वाडी राहणार. पांढरट चिकणमाती निघाली तर अकराही घरांनी पावसाआधी सड्यावरच्या, म्हणजे वरच्या सपाट माळावरच्या पत्र्याच्या खोल्यांत जायचं. धाकूचं घर तड्याच्या बरोबर खाली. घण मारायला माणूस हवा होता, तो धाकूच निघाला.

तिने काम समजावलं. उतारावर ओळीने मुठीएवढे, जमिनीची थरथर टिपणारे जिओफोन रोवलेले. चुन्याच्या खुणेवर लोखंडी प्लेट ठेवून तिच्यावर घण मारायचा. ठोक्याच्या लाटा जमिनीच्या पाठीवरून पळतात. आखूड लाटा वरवर राहतात, लांब लाटांना खोलवरचं जाणवतं. कठीण जागी त्या धावतात, मऊ जागी रेंगाळतात. त्यावरून खालचं चित्र निघतं. उतार वेडावाकडा, म्हणून प्रत्येक खुणेची उंची तिने आदल्या दिवशी मोजली होती. खूण सोडायची नाही, हे तिने दोनदा बजावलं.

सहा खुणा ठीक झाल्या. सातवी धाकूच्या घरापुढच्या खळ्याच्या कडेला, भुसभुशीत मातीत होती. हातभर वर जांभ्याचं डोकं उघडं पडलेलं. धाकूने प्लेट तिकडे सरकवली. विचार करून नव्हे. खाणीतला हात आपला आपण दगडाकडे गेला. ठोका खणखणीत लागला, आणि त्या आवाजाने त्याला बरं वाटलं. आठव्या खुणेजवळही दगड वर आलेला, तिथे त्याने पुन्हा तेच केलं. या वेळी आपण काय करतोय हे त्याला ठाऊक होतं.

स्वानंदी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत थांबली. सात-आठला नुसत्या आखूड लाटा आल्यात, खालचं काही दिसत नाही, असं म्हणाली. "खुणेवरच मारलात ना, काका?"

"होय तर."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. जेवल्यावर बघू, नाहीतर तेवढा भाग बाजूच्या खुणांवरून जुळवावा लागेल. बाजू तर घट्ट दिसतात, असं ती सोबत्याला सांगत होती. धाकूला हवं ते मिळालं होतं, भिंत आणि घर जागच्या जागी. तरी त्याने भाकरी अर्धीच ठेवली.

मंडळी हात धुवायला गेली तशी बायको, तुळसा, त्याच्यासमोर येऊन बसली. तिने दारातून सगळं बघितलं होतं. आधी तिने टोमणा मारला, एवढा खणखणीत आवाज आपल्या खळ्यात कधीपासून निघायला लागला म्हणून. मग हळू आवाजात म्हणाली, "गेला पावसाळा मी भिंत सरकते काय बघत, तिला हात लावून काढला. आणखी एक नाय काढायची."

धाकू उठला.

"बाय," तो स्वानंदीला म्हणाला, "सात नि आठ मी दगडावर मारले. परत मारतो."

ती रागावली नाही. कुठे मारलं ते दाखवायला लावलं, दोन्ही नोंदी पुसल्या आणि सगळ्यांना जागच्या जागी उभं केलं, कारण पावलांच्याही लाटा उमटतात. तुळसाने हातातलं भांडं खाली न ठेवता तसंच धरून ठेवलं.

धाकूने चुन्यावर प्लेट ठेवली आणि घण मारला. आवाज आलाच नाही म्हणायचा. जमिनीने तो आत घेतला, प्लेट बोटभर खचली, आणि तळपायांतून काहीतरी मऊ, सावकाश सरकत गेलं. पडद्यावर रेघा उमटायच्या आधीच त्याला कळलं. स्वानंदीने पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

धाकू घराच्या भिंतीकडे बघत राहिला.

"हे चिरे वर सड्यावर नेता येतील ना?" त्याने विचारलं. "मीच काढलेले आहेत."

"येतील," ती म्हणाली. मग ऐकू येईल न येईल अशा आवाजात, या खुणेवर अजून चार ठोके हवेत असंही म्हणाली.

धाकूने खचलेली प्लेट पायाने सरळ केली आणि ती बरोबर खुणेवरच आहे ना, ते वाकून बघितलं.