बाळारामच्या फ्रीजवरची थाप

थळच्या आमच्या वस्तीत पहिला फ्रीज आला तो बाळारामच्या घरात. ही गोष्ट कितीदा सांगितली तरी माझं मन भरत नाही. कारखान्याच्या कॉलनीतल्या एका साहेबाची बदली झाली आणि बाळारामने त्यांचा जुना फ्रीज हातगाडीवर चढवला. मागून ढकलणारे आम्ही, आणि पुढे उलटी चालत त्याची बायको, आमची भिमावहिनी, "हळू रं, हळू" करत. नवरी आणावी तसा आणला.

त्या फ्रीजला एक खोड होती. मध्येच गप्प बसायचा. मग बाळाराम उजव्या अंगाला तळहाताने एक थाप मारायचा, की घुर्रर्र करत सुरू. चौदा एप्रिलला अख्ख्या वस्तीचं सरबत त्याच्याच बर्फावर गार व्हायचं, आणि पहिला पेला बाळाराम वस्तीतल्या सगळ्यात लहान पोराला द्यायचा.

बाळाराम गेला आणि वहिनीने आपलं अंथरूण फ्रीजच्या खोलीत हलवलं. मी विचारलं तर म्हणाली, "भावजी, तो घुरघुरला की घरात कुणीतरी हाय असं वाटतं."

यंदा जयंती तोंडावर आली आणि फ्रीज गार होईना. थापा मारून वहिनीचा हात लाल झाला. पुतण्या रत्नपाल फ्रीज दुरुस्त करतो, त्याला बोलावलं.

तो मागून वाकून बघत म्हणाला, "काकी, पाइप सडलेत, गॅस गळतोय. आन् हा गॅस आता बनत न्हाय. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून बंद केला."

"का रं? त्यानं कुणाचं काय केलं?"

"वर आभाळात ओझोनचा थर हाय. उन्हातले वाईट किरण अडवतो. हा गॅस हळूहळू वर पोचतो आन् तो थर खातो."

मी म्हटलं, "म्हणजे आपण इथं सरबत प्यालो आणि तिकडं आभाळ विरलं?"

"आपण एकटे न्हाय, काका. साऱ्या जगाचे फ्रीज, एसी, फवाऱ्याचे डबे. बंद केल्यापासून भरून येतोय थर, पण अजून बरीच वर्षं लागतील."

"तोवर आम्ही कुठले," वहिनी म्हणाली. मग हळूच विचारलं, "जुना गॅस कुठंच मिळणार न्हाय?"

"एकजण चोरून विकतो. तो भरला तर हेच मशीन, म्हंजे खालचा कॉम्प्रेसर, चालंल, पण पावसाळ्याआधी तोही गळून वर जाईल. न्हायतर पाइप आन् मशीन नवीन घालू, गॅस दुसरा. आवाज मात्र राहणार न्हाय. नवीन मशीन गप असतं."

वहिनी फ्रीजवर हात ठेवून उभी राहिली. दाराबाहेर तिची नात प्रांजली भर उन्हात लंगडी घालत होती.

"पोरांच्या डोक्यावरचं छप्पर फाडून मी आवाज ऐकत बसू व्हय?" ती म्हणाली. "काढ ते मशीन."

पूर्वीचे मिस्त्री उरलेला गॅस फुस्सकन हवेत सोडून द्यायचे. रत्नपालने तो नळीने सिलिंडरमध्ये ओढून घेतला. तेवढा वेळ वहिनी कान देऊन बसली होती.

जयंतीला सरबत गारेगार झालं. पहिला पेला शेजारच्या चंदरच्या लहानग्याला मिळाला. मी दुसऱ्यांदा पेला पुढे केला, तर वहिनी म्हणते, "भावजी, तुम्हांला साखर हाय ना? मग?"

फ्रीज आता इतका मुका आहे, की चालू आहे का हे दार उघडल्यावरच कळतं. थापेची गरज उरलेली नाही. तरी सकाळी चहाचं दूध काढायला गेली की वहिनी आधी उजव्या अंगाला एक थाप मारते, आणि जरा वेळ तशीच थांबते.