भिंतीवरचा उलटा नवरा

डबा भरताना फॉइलचा रोल हातात घेतला की अजूनही माझं डोकं फिरतं.

आयर्लंडमधल्या सदा ढगाळ लेटरकेनीत २०२१ चा लॉकडाऊन. माझ्या लेकीच्या, सईच्या शाळेने फर्मान काढलं, घरातल्या खोलीचाच कॅमेरा करा. खिडकीभर फॉइल लावायची, तिला बारीक भोक पाडायचं, की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. फॉइल मी लावली, टेप मी चिकटवली, आणि चौकटीचा रंग निघाला तर घरमालकाची बोलणीही मीच खाणार होते. वर त्यासाठी कडक ऊन हवं. लेटरकेनीत! आठवडाभर आम्ही अंधारात जेवलो.

"चित्रकार असंच बसून चित्रं गिरवायचे, मॅम. डोळ्यातही असंच उलटं पडतं," सई तिच्या आयरिश इंग्रजीत मलाच शिकवत होती. इथे आईला मॅमच म्हणतात.

मग एकदाचं ऊन पडलं. भिंतीवर रस्ता उलटा लटकला आणि त्यात सईचा बाबा. तो हॉस्पिटलात डॉक्टर. आम्हाला लागण नको म्हणून वेगळा राहायचा, सामान फाटकाशी ठेवून जायचा. मी खिडकीकडे धावले तशी सई किंचाळली, "डोन्ट! चित्र जाईल!"

बाहेरून त्याला नुसती फॉइल दिसत होती. तो कठड्यावर बसला आणि दोन्ही हातांत डोकं धरून तसाच राहिला. बऱ्याच वेळाने भिंतीवरचा एक हात कानाशी गेला. माझा फोन वाजला.

"सगळं ग्रँड आहे गं," आवाज अगदी नेहमीचा. इथे 'ठीक'ला 'ग्रँड' म्हणतात.

आजही तो ड्यूटीवरून येतो, "ग्रँड" म्हणतो, आणि मला घरभर फॉइल लावावीशी वाटते.