प्रोब आत होता तोवर

कर्जत स्टेशनच्या बाहेर सफुराच्या अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि मागे चार फळ्या. पण त्या माणसाला एक खोड होती आणि तिच्यापायी गिऱ्हाइकांशी रोज वाजायचं. खोलून ठेवलेला रेडिओ कधी कधी काही न करताच चालू व्हायचा. दुसरा कोणी असता तर गाणं ऐकवून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवून मोकळा झाला असता. अब्बा त्याच्या बटणाला तांबडा दोरा बांधायचे आणि वरच्या फळीवर चढवायचे.

"अहो, चालू आहे की!" गिऱ्हाईक बोंब मारायचं.

"चालू आहे, पण बंद का पडला होता ते मला कळलं नाही. परत पडू दे बंद. मग दुरुस्त करून देतो."

असल्या धंद्याला बरकत कुठली यायला! पण सफुरा त्या टेबलाखालीच वाढली, दहाव्या वर्षी तारांना कथलाचा डाग द्यायला शिकली, पुढे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि खालापूरच्या रस्त्याला धनेशशेठच्या कारखान्यात लागली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तीन शेड, पंधरा माणसं. पत्रा कापणाऱ्या, दाबणाऱ्या पॉवर प्रेसची कंट्रोल कार्डं तिथे बनतात. काम एकच, पण जोखमीचं. कामगाराचा हात प्रेसच्या तोंडात असेल तर समोरचा उजेडाचा सेन्सर ते बघतो, कार्डाला कळवतो आणि कार्डाने प्रेस खाली येऊ द्यायची नाही. बस, एवढंच.

एवढंच म्हणायचं, पण त्यावर माणसाचे हात टांगलेले असतात.

कार्डावर एक चिप असते. बाजारातून येते तेव्हा पाटीसारखी कोरी. कुठला सिग्नल कुठून कुठे जायचा, ते लॅपटॉपवर लिहून तिच्यात भरायचं. ते लिहायचं काम सफुराचं. स्वभावाने फटकळ, कामाला चोख, दुपारी स्टोअरच्या कोपऱ्यात नमाज पढून परत खुर्चीत. शेडमधली माणसं तिला टरकून असत आणि अडलं की तिच्याकडेच येत.

दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाकडून कार्ड परत आलं. सेन्सरसमोर रिकामा ट्रे असताना प्रेस एकदा खाली आली होती. नशीब, हात नव्हता. सफुराने कार्ड टेबलावर घेतलं आणि प्रोब लावायला बसली.

हा प्रोब म्हणजे हातात धरायची वस्तू नव्हे. चिपच्या पोटात आपल्या जोडणीशेजारी आणखी एक छोटी जोडणी भरायची. ती ठरवून दिलेल्या सिग्नलवर डोळा ठेवून बसते आणि हवी ती घटना घडली की तिच्या आधीचं, नंतरचं सगळं टिपून केबलमधून लॅपटॉपवर पाठवते. ऐकायला सोपं वाटतं, पण लावताना नाकी नऊ येतात. पहिल्या दिवशी लॅपटॉप केबलच ओळखेना. दुसऱ्या दिवशी ओळखली, तर पडद्यावर सगळ्या रेघा आडव्या, मेल्यासारख्या, कारण प्रोबने किती वेगाने टिपायचं, तो ठेकाच चुकीचा दिला होता. तिसऱ्या दिवशी सगळं नीट बसलं. सेन्सरपुढे लाकडी पट्टी आत-बाहेर करणारा मोटरचा हात होता, तो चालू केला आणि सफुरा वाट बघत बसली. दिवसभर एक चूक नाही.

प्रोब काढून टाकला. पाऊण तासात प्रेसने पट्टी फोडली.

परत घातला. दोन दिवस सगळं सुरळीत. काढला, की पट्टीचे तुकडे! या अल्ला, हा काय खेळ मांडलाय, म्हणून ती कपाळाला हात लावून बसली. एक तिला ठाऊक होतं. प्रोब आत शिरला की बाकीच्या जोडण्याही थोड्या सरकून नव्याने बसतात, पाहुणा आला की घरातल्यांच्या झोपायच्या जागा बदलतात तशा. त्या सरकण्यात कुठेतरी बिघाड झाकला जात होता. कुठे, ते कळत नव्हतं.

"प्रोब आत असताना चालतंय ना?" धनेशशेठ म्हणाले. "मग राहू दे आत. सोमवारी माल जायचाय."

आणि सफुराने प्रोब आत ठेवूनच चिपमध्ये भरायची फाईल पक्की केली. फाईलमध्ये त्याबद्दल एक ओळ लिहिली नाही. काय लिहिणार? हा काढू नका, का ते मला माहीत नाही? सतरा वर्षांच्या इभ्रतीला ते झेपलं नाही. ईद झाली की निवांत शोधू, असं तिने स्वतःला सांगितलं. ईद गेली, दुसरी गेली. कार्डं जात राहिली, तक्रार एकही नाही. तांबडा दोरा बांधून फळीवर ठेवायची वस्तू तिने गिऱ्हाइकाच्या हातात दिली होती, आणि हळूहळू ती हे विसरली. विसरली म्हणजे काय, आठवण आली की दुसरं काम काढायची.

यंदा मार्चमध्ये हर्षला कामाला आली. कळंबची, नुकती इंजिनिअर झालेली, हुशार पोरगी. सफुराला गुरूच मानायची. एक दिवस डबा खाताना म्हणाली, "ताई, कार्डाच्या फाईलमध्ये जुना प्रोब राहिलाय. अर्धी चिप खाऊन बसलाय तो. चुकून राहिला असेल ना? काढू?"

सफुराचा घास हातात राहिला. नको म्हटलं तर का ते सांगावं लागणार. आणि या पोरीसमोर, जी तिचा प्रत्येक शब्द वहीत उतरवून घेते, तिच्यासमोर सांगायचं की ताईला बिघाड सापडला नव्हता?

"विसरले असेन गं," सफुरा म्हणाली. "काढ."

पूर्ण एक दिवस सफुराने स्वतः पट्टीवर चाचणी घेतली. काही झालं नाही. हायसं वाटलं तिला, खोटं कशाला सांगू! नव्या फाईलची बारा कार्डं बाहेर गेली.

त्यातलं एक नागूच्या प्रेसवर बसलं. नागू भिवपुरीकडचा, पस्तिशीचा, घरी भाताचं वावर आणि एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यात प्रेसवर नोकरी. आठवडाभरात त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

त्याच्या कारखान्याने लगेच हात झटकले. नागूनेच घाई करायला सेन्सर चिंधीने बांधून बाजूला वळवला असणार, कामगार असं करतातच, म्हणाले. नागू दवाखान्यात सांगत होता, "मी सेन्सरला हात बी लावला नाय." कोण ऐकतंय? करतात खरंच काही जण तसं. घरच्या माणसांनासुद्धा त्याचं खरं वाटेना. नागूचा दोष ठरला तर नोकरीही जाणार आणि भरपाईही. ठरलं असं की चौकशीचे सरकारी साहेब सोमवारी धनेशशेठच्या शेडमध्ये येणार आणि तेच कार्ड सगळ्यांसमोर तपासायचं.

सफुराच्या पाचावर धारण बसली. शनिवारी, रविवारी ती एकटी शेडमध्ये होती. दोन वर्षांत मोटरचा हात थोडा सरकला होता, हे आता तिच्या ध्यानात आलं. पट्टी हल्ली प्रेस सुटायच्या बरीच आधी आत जायची. आता तिने तो असा बसवला की पट्टी नेमकी सुटायच्या क्षणी आत जाईल, घाईत माणसाचा हात जातो तशी. वीस मिनिटांत प्रेस खाली आली आणि पट्टीचे दोन तुकडे झाले. मग तिने फाईल ओळीओळीने वाचली. दोन वर्षं टाळलेलं काम चार तासांत झालं. सेन्सरचा सिग्नल चिपमध्ये दोन ठिकाणी वेगवेगळा वाचला जात होता. हात नेमका त्या क्षणी आला तर एका जागेला दिसायचं, हात आहे. दुसरीला दिसायचं, नाही. आणि प्रेस सोडायचं काम दुसरीकडे होतं. सिग्नल आधी एका जागी थोपवून मग दोघींना द्यायला हवा होता. दोन ओळी. फक्त दोन ओळी लिहायच्या राहिल्या होत्या आणि त्या तिने लिहायच्या होत्या. ती ढसाढसा रडली.

रविवारी संध्याकाळी तिने शेठना फोन करून सगळं सांगितलं.

"प्रोब आत घातला तर चूक होत नाही ना?" शेठनी विचारलं. "मग उद्या प्रोब घालूनच दाखवा. साहेबांना पडद्यावर रेघा दिसल्या की पटतं. खोटं कुठे बोलायचंय? जे दिसेल ते दाखवायचं. आणि सफुराबाई, शेवटच्या फाईलवर हर्षलाचं नाव आहे, तुमचं नाही. विचार करा."

सोमवारी साहेब आले, हातात कागद घेऊन. मागून नागू आला, हाताला एवढं मोठं पांढरं बँडेज, आणि सोबत त्याची बायको गौराबाई. त्यांना भिंतीकडेच्या बाकावर बसवलं. हर्षला लॅपटॉपपाशी उभी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

सफुराने प्रोब भरला, केबल लावली, मोटर चालू केली. पडद्यावर हिरव्या रेघा सरकू लागल्या. पट्टी आत गेली की रेघ वर जायची आणि प्रेस जागच्या जागी थांबायची. शंभर वेळा, दोनशे वेळा, तीनशे वेळा. शेठ एकेक रेघ बोटाने दाखवत होते. साहेब मान डोलवत होते. एवढं चोख यंत्र बघून कोणाचीही खात्री पटली असती.

गौराबाई नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, "बगा. म्या म्हनत हुते ना? कबूल करा आता. साहेबाच्या पाया पडा."

नागू पडद्याकडे बघत होता. बराच वेळ बघितलं त्याने. मग स्वतःशीच बोलावं तसा म्हणाला, "आसंल बाबा. मीच बांधला आसंल. माझ्याच ध्येनात ऱ्हायलं नसंल."

सफुराने ते ऐकलं. बोटं गेली तरी जो माणूस आपलं खरं सोडत नव्हता, त्याचं तेवढंही ती डोळ्यांसमोर काढून घेत होती. तिने पुढे होऊन मोटर बंद केली.

"साहेब, या कार्डात आत्ता जी फाईल आहे ती नागूच्या प्रेसवर नव्हती. ती भरते. वीस मिनिटं बसा."

"सफुराबाई!" शेठ ओरडले.

"ओरडू नका. बसा तुम्हीपण."

तिने प्रोबशिवायची फाईल भरली. पडदा कोरा झाला, आता बघायला रेघा नव्हत्या, नुसती पट्टी आत-बाहेर होत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेठ घड्याळ बघून घसा खाकरत होते. साहेबांनी कागद आवरायला घेतले. सतराव्या मिनिटाला प्रेस धाडकन खाली आली आणि पट्टीचा तुकडा उडून गौराबाईच्या पायाशी पडला.

गौराबाईने तो उचलला. काही वेळ तो हातात उलटापालटा केला आणि तोंडाला पदर लावला. "मी बी तुमाला लबाड म्हनले वं," ती म्हणाली. "दवाखान्यात म्हनले. घरी म्हनले."

नागूने डाव्या हाताने तो तुकडा तिच्याकडून घेतला.

हर्षला पांढरीफटक पडली होती. "ताई, प्रोब मी काढला... मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो. तू विचारलं होतंस." सफुरा साहेबांकडे वळली. "लिहून घ्या. फाईल माझी आहे. चूक माझी आहे. हिने विचारलं, तेव्हा मी खोटं बोलले."

साहेब लिहू लागले. शेठ उठून बाहेर गेले आणि बाहेरून त्यांचा फोनवरचा चढा आवाज येऊ लागला. सफुराला वाटलं होतं, खरं बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. कसलं काय!

नागू बाकावरून उठला आणि टेबलापाशी आला. त्याने प्रेसकडे बघितलं, लोंबणाऱ्या केबलकडे बघितलं, मग तिच्याकडे. रागावलेला दिसत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"म्याडम, ह्यात कायतरी बिघाड हाय, ह्ये तुमाला कदीपासनं ठाव हुतं?"

"दोन वर्षं," सफुरा म्हणाली.

"दोन वर्षं," नागू म्हणाला. "आन मी वीस दिसामागं मशिनीला हार घातला वं. नवं कार्ड बसवलं म्हनून. ह्याच हातानं."